उशाशी बसलेली माणसे

पंढरपुरास गेलेला यात्रेकरू विठ्ठलाच्या राउळात शिरण्यापूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतो आणि पुंडलिकाच्या देवळापुढे हात जोडतो. वारकऱ्यांच्या जयघोषातही पुंडलिकाचे नाव आधी येते, विठ्ठलाचे मागून. हा उलटा क्रम का, हे महाराष्ट्रातल्या लहान मुलासही ठाऊक असते. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला होता. देव दाराशी आला. हातचे काम टाकून उठणे शक्य नव्हते, म्हणून पुंडलिकाने एक वीट मागे भिरकावली आणि देवाला तिच्यावर उभे राहावयास सांगितले. कीर्तनकार ही कथा मातृपितृभक्तीचा आदर्श म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या घरी दहा-बारा वर्षांचा आजार ठाण मांडून बसला आहे, असा मनुष्य कीर्तनात बसून ही कथा ऐकतो तेव्हा त्याचे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे जाते. पुंडलिकाला आलेल्या पाहुण्यास 'थांब' असे म्हणता आले, आणि पाहुणा थांबला! खऱ्या संसारात दाराशी आलेले कोणी असे थांबत नाही. कचेरी थांबत नाही, मुलांच्या परीक्षा थांबत नाहीत, घरभाडे थांबत नाही. या कथेत धीर कोणी धरला असेल, तर तो पुंडलिकाने नव्हे, विटेवरच्या पाहुण्याने धरला आहे. आणि हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

थोड्या दिवसांचे दुखणे आणि लांबलेले दुखणे यांत केवळ दिवसांचेच अंतर असते असे नाही. विषमज्वराचा रोगी घरात असला म्हणजे सारे घर एकजीव होते. भाऊबंद रात्री जागवतात, शेजारीण भाताची पेज करून आणते, दुरावलेला मेहुणाही येऊन बसतो. एकविसाव्या दिवशी ताप उतरतो, देवाला नारळ फुटतो आणि घर पुन्हा आपापल्या उद्योगास लागते. परंतु पक्षाघाताने एक बाजू गेलेले वडील, पोटच्या मुलीलाच 'बाई, आपण कोणाच्या?' असे विचारणारी आई, विसाव्या वर्षीही ज्याला घास भरवावा लागतो असा जन्मतः पंगू मुलगा, किंवा ऐन उमेदीत मनाच्या आजाराने घेरलेला धाकटा भाऊ, यांचा ताप उतरत नाही. पहिल्या महिन्यात शहाळी-मोसंबी घेऊन येणारे लोक सहाव्या महिन्यात दूरध्वनीवरून चौकशी करतात. आणि दुसरे वर्ष लागले म्हणजे लग्नपत्रिकेबरोबर निरोप येतो, 'तुम्हाला निघायला जमायचे नाही, ठाऊक आहे आम्हांला.' यात कोणाचा दुष्टपणा नसतो. माणसाची सहानुभूती ही पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी आहे. पूर आला म्हणजे दोन्ही काठ भरून वाहते, पण बारमाही पाणी तिला नसते.

या शुश्रूषेचे स्वरूप बाहेरच्यांस फारसे ठाऊक नसते, म्हणून ते थोडे खोलात जाऊन पाहावयास हवे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. न बदलली तर माकडहाड, टाचा, खुबे अशा हाडांच्या उंचवट्यांवरची कातडी दबून काळीनिळी पडते आणि तेथे अशी जखम होते की ती भरून येण्यास महिने लागतात. गिळण्याची शक्ती मंदावलेल्या रोग्यास आडवे ठेवून पाणी पाजता येत नाही. त्यास टेकून बसवावे लागते, घास लहान घ्यावा लागतो, आणि जेवण झाल्यावरही अर्धा तास तसेच बसवून ठेवावे लागते. नाहीतर अन्नाचा कण श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा विकार होण्याची भीती असते. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याची गोष्ट आणखी निराळी. त्याला पथ्यपाण्यापेक्षाही उत्तरे फार द्यावी लागतात. दिवेलागणीच्या वेळी अनेकांची अस्वस्थता वाढते. स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी जायचे आहे' असा धोशा सुरू होतो. वाद घालून, पुरावे देऊन त्याचे समाधान होत नाही. 'जाऊ या हं, आधी चहा घेऊ' असे म्हणून त्याचे मन दुसरीकडे वळवावे लागते, आणि हे त्याच संध्याकाळी सात-आठ वेळा. नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स या दोन अमेरिकन लेखकांनी १९८१ मध्ये अशा कुटुंबांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच त्यांनी 'छत्तीस तासांचा दिवस' असा शब्दप्रयोग केला आहे. घड्याळाचे चोवीस तास ज्यांना कधीच पुरले नाहीत, त्यांना हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

हे काम करते कोण? 'कुटुंब करते' असे म्हणण्याची पद्धत आहे. पण कुटुंब हा समूहवाचक शब्द येथे फार फसवा आहे. बहुतेक घरांत ते एक माणूस करते, आणि ते माणूस बहुधा स्त्री असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कसा खर्च होतो याची देशभर पाहणी केली. तीत असे दिसले की, घरातल्या मुलाबाळांची आणि आजाऱ्या-म्हाताऱ्यांची विनावेतन काळजी घेण्याच्या कामी रोज शेकडा सुमारे २८ स्त्रिया गुंतलेल्या असतात, तर पुरुष शेकडा १४. जे गुंतलेले असतात त्यांतही स्त्रीची सरासरी १३४ मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ७६. ही झाली सगळ्यांची मिळून सरासरी. जिच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे तिचा हिशेब मिनिटांत होण्याजोगा नसतो.

मग अशा स्त्रीच्या वाट्यास कौतुक येते. दूरगावी नोकरीस असलेला दीर चार दिवसांची रजा काढून येतो, आईच्या पायांशी बसतो, त्याचे डोळे भरून येतात, आणि जाताना तो म्हणतो, 'वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. तुमच्यासारखी सेवा कोणाच्याने होणार नाही.' हे उद्गार मनापासूनचे असतात. पण त्यांचा व्यवहारातला अर्थ एवढाच होतो की, ही सेवा यापुढेही वहिनींनीच करावयाची आहे. एखाद्याला देव्हाऱ्यात बसविले म्हणजे त्याने पुन्हा खाली उतरून 'मी दमले' असे म्हणावयाची सोय राहत नाही. स्तुतीने बांधलेली गाठ पुष्कळदा जुलमाने बांधलेल्या गाठीहून घट्ट बसते.

आणि दमणे म्हणजे केवळ कंबर दुखणे नव्हे. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या माणसाच्या मनात असे काही येते की ते त्याने स्वतःशीही कबूल केलेले नसते. चौथ्यांदा ओले झालेले अंथरूण बदलताना त्याचा आवाज चढतो, हात थोडा राकट पडतो, आणि मग रात्रभर त्या राकटपणाची टोचणी लागून राहते. कधी पहाटे, तिसऱ्या की चौथ्या हाकेला, 'आता यांची एकदाची सुटका व्हावी' असा विचार येतो. हा विचार रोग्याविषयी आहे की स्वतःविषयी, हे त्यालाही नीटसे सांगता येत नाही, आणि दोहोंपैकी काहीही असले तरी तो हादरून जातो. आपण पापी आहोत असे त्याला वाटते. पण असा विचार ज्याच्या मनाला कधी शिवला नाही, तो मनुष्य फार काळ उशाशी बसलेला नसण्याचाच संभव अधिक! प्रेम आटले म्हणून हा विचार येत नाही. झोप आणि उसंत आटली म्हणजे येतो. एखाद्या भावाने, मैत्रिणीने किंवा डॉक्टराने 'असे सगळ्यांच्याच मनात येते हो' इतके जरी म्हटले तरी त्या माणसाच्या छातीवरचा धोंडा निम्मा हलका होतो. दुर्दैव असे की, ते म्हणणारे कोणी जवळ असत नाही.

मराठी भाषेने 'धीर' या शब्दाचा जो संसार मांडला आहे तो या बाबतीत पाहण्याजोगा आहे. धीर धरावा लागतो हे खरे. पण त्याच्या आधी तो कोणी द्यावा लागतो. तो सुटतो, खचतो, आणि कोणी पाठीवर हात ठेवला म्हणजे पुन्हा येतो. धीर ही विहिरीतल्या झऱ्यासारखी ज्याच्या त्याच्या आत आपोआप पाझरणारी वस्तू आहे, असे आपल्या पूर्वजांनी मानलेले दिसत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू आहे, अशीच त्यांची समजूत असावी. एकट्या माणसाला 'धीर धर' असे सांगून निघून जाणे म्हणजे रिकामी घागर हातात देऊन पाणी पी म्हणण्यासारखे आहे.

या गोष्टीची मोठी प्रचीती फाळणीनंतरच्या पंजाबात आली. १९५० मध्ये लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण सरहद्दीपलीकडून अमृतसरला आणण्यात आले. सादत हसन मंटो यांच्या 'टोबा टेकसिंग' या कथेमुळे ही अदलाबदल साहित्यात अमर झाली आहे. पण अमृतसरला पुढे जे घडले ते फारसे कोणी सांगत नाही. तेथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांच्यापुढे रुग्ण पुष्कळ, जागा अपुरी आणि माणूसबळ तुटपुंजे अशी स्थिती होती. शिवाय त्या काळची सर्वत्रची रीत अशी की, वेड्या माणसाला इस्पितळाच्या फाटकात सोडून नातलगांनी पाठ फिरवावयाची. डॉ. विद्यासागर यांनी ही रीतच उलटी केली. रुग्णालयाच्या आवारात त्यांनी तंबू ठोकविले आणि रुग्णांच्या नातलगांना रुग्णांसह तेथे राहावयास बोलाविले.

वरवर पाहता ही जागेच्या टंचाईवरची तोड होती. पण परिणाम फार दूरवरचे झाले. वेड कधी बरे होत नाही, ती देवीची नाहीतर भुताची बाधा आहे, अशी समजूत घेऊन आलेल्या आईने शेजारच्या तंबूतला तरुण महिन्याभरात माणसांत येताना पाहिला. डॉक्टर रुग्णांशी आणि त्यांच्या नातलगांशी एकत्र बसून बोलत. रुग्ण भडकला म्हणजे काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही, हे बायाबापड्यांना प्रत्यक्ष पाहून समजू लागले. आणि डॉक्टरांच्या औषधाइतकीच मोलाची एक गोष्ट तेथे घडली असली पाहिजे. ज्या बाईला आजवर वाटत होते की हे दुःख जगात केवळ आपल्याच कपाळी आले, तिच्या चुलीशेजारी तसलेच दुःख असलेली दुसरी चूल पेटलेली होती. वेलोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र उघडले तेव्हा तेथेही रुग्णासोबत घरच्या माणसाने राहण्याची प्रथा पडली. पाश्चात्त्य देशांतली मोठमोठी मनोरुग्णालये त्या वेळी रुग्णाला घरापासून दूर ठेवण्यात शहाणपण मानीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या तंबूंची थोरवी कळते.

'शुश्रूषा' हा शब्द संस्कृतातल्या 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, असा होतो. गुरूचे ऐकावयास उत्सुक असलेला शिष्य जी सेवा करतो ती शुश्रूषा. तिच्यावरून पुढे रोग्याची सेवा. रोग्याचे कण्हणे, त्याची तुटकी वाक्ये, त्याच त्या जुन्या तक्रारी ऐकणारे कोणीतरी घरात असते. पण त्या ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार, हा प्रश्न राहतो. अमृतसरच्या तंबूंत त्याला एक उत्तर सापडले होते.

सरकार या कामी काय करू शकते, याचाही विचार केला पाहिजे. आणि तो करताना इंग्लंडातल्या मेरी वेब्स्टर या बाईंची आठवण होते. त्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होत्या. १९५४ मध्ये म्हाताऱ्या आईवडिलांकडे पाहण्यासाठी त्यांनी ते काम सोडले. आपल्यासारख्या अविवाहित मुलींच्या स्थितीविषयी १९६३ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांना लिहिले, तेव्हा घरोघरी अशाच अडकून पडलेल्या स्त्रिया पुढे आल्या. १९६५ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली, १९६७ मध्ये प्राप्तिकरात सवलत मिळाली. वेब्स्टरबाई १९६९ मध्ये वारल्या. शुश्रूषेसाठी नोकरी सोडणाऱ्यास भत्ता देण्याची योजना त्यानंतर १९७६ मध्ये आली. गंमत अशी की, हा भत्ता विवाहित स्त्रियांना १९८६ पर्यंत मिळत नव्हता. त्या काय, घरीच असावयाच्या, असा तर्क त्यामागे होता! साता समुद्रांपलीकडचा हा तर्क आपल्याकडच्या कोणत्याही आळीत खपून जाईल.

भारतात २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाची व्याख्या केली आणि ज्यांना फार आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी शुश्रूषा भत्त्याची तरतूदही लिहून ठेवली. कायद्याच्या पुस्तकात उशाशी बसलेल्या माणसाला नाव मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे; ज्याला नाव नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात रकानाही नसतो. परंतु न्यायाधिकरण मुलाला पैसे देण्याचा हुकूम करू शकते. रात्री दोन वाजता उठून आईची कूस बदलण्याचा हुकूम कोणते न्यायाधिकरण देणार?

तेथे शेजारधर्मच लागतो, आणि तो केवळ भावनेवर न सोडता त्याची नीट व्यवस्था लावता येते हे केरळाने दाखविले. १९९३ मध्ये कोझिकोड येथे असाध्य रोगांच्या वेदना कमी करण्यासाठी एक संस्था सुरू झाली. काम करता करता डॉक्टरांच्या ध्यानात आले की, रोग्याच्या दुःखाचा फार थोडा भाग औषधाच्या आटोक्यातला असतो. बाकीचे दुःख घराच्या चार भिंतींत असते आणि तेथे डॉक्टर रोज पोचू शकत नाही. तेव्हा मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजाऱ्यांचीच मंडळे उभी राहिली. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकेल अशा कोणासही, मग तो शिक्षक असो, रिक्षावाला असो की विद्यार्थी असो, थोडे शिक्षण द्यावयाचे आणि आपल्याच वस्तीतल्या रोग्यांची काळजी त्याच्याकडे सोपवावयाची. पैसा उभा राहिला तो बव्हंशी लहान लहान देणग्यांतून. २००८ मध्ये केरळ सरकारने या कार्याविषयी आपले धोरण जाहीर केले. दोन तास म्हणजे काही मोठा त्याग नव्हे. चित्रपट पाहण्यास याहून अधिक वेळ लागतो. पण त्या दोन तासांत घरातली बाई बँकेत जाऊन येते, केस धुते, किंवा नुसती आतल्या खोलीत दार लावून झोपते. आणि संध्याकाळी तिच्या आवाजात जो फरक पडतो तो रोग्याला सर्वांच्या आधी कळतो.

राहिली श्रद्धेची गोष्ट. आजार लांबला म्हणजे नवससायास होतात, अंगारे येतात, उपासतापास होतात. देवाने बरे करावे, एवढ्याच अटीवर उभी असलेली श्रद्धा बहुधा दुसरे वर्ष पाहत नाही. तशात कोणी 'पूर्वजन्मीचे भोग' असे पुटपुटून जातो. असे बोलणाऱ्याने त्या घरात एक रात्र काढून पाहावी. कर्माचा सिद्धान्त तेथे कितपत उपयोगी पडतो, हे पहाटेपर्यंत कळेल. जी श्रद्धा टिकते ती याहून फार लहान आणि फार घरगुती असते. आई मुलीला ओळखत नाही, नाव विसरली, नाते विसरली. तरी तिचे हात मुलीने आपल्या हातांत धरले म्हणजे तिचा श्वास संथ होतो. ओळख गेली तरी आपले करणे कोठेतरी पोचते आहे, एवढाच तिचा आशय. तिला तत्त्वज्ञान लागत नाही. पण एकाकीपणात तीही टिकत नाही.

या संदर्भात पुंडलिकापेक्षा जनाबाई अधिक जवळची वाटते. नामदेवांच्या घरची ही दासी. दळण, कांडण, शेणगोठा, पाणी हे सारे तिच्या वाट्याचे. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिची थोरवी वाखाणीत विटेवर उभा राहत नाही. तो तिच्यासमोर बसून जात्याच्या खुंट्याला हात घालतो, शेणी वेचतो, पाणी वाहतो, तिचे केसही विंचरतो. ज्या देवाने पुंडलिकाच्या दाराशी वाट पाहिली तोच देव जनीच्या घरात मात्र पदर खोचून कामाला लागला आहे. सातशे वर्षांपूर्वी एका राबणाऱ्या बाईला देव हवा होता तो असा, हाताखाली येणारा. भक्तीच्या दृष्टीने कोणी याचे गूढ अर्थ लावावेत. परंतु जिने पहाटे एकटीने पायलीभर दळले आहे तिला दुसरा हात लागला म्हणजे जाते किती हलके फिरते, हे सांगावयास अर्थ लावणारा नको.

आणि मग एके दिवशी हे सारे संपते. तेरा दिवस घर माणसांनी भरून जाते. 'सुटले बिचारे' असे लोक म्हणतात, 'तुम्हीही सुटलात' असेही कोणी धीट मनुष्य बोलून जातो. चौदाव्या दिवशी घर रिकामे होते. औषधाच्या बाटल्या, चाकांची खुर्ची, पाण्याची गादी असे सामान कोणास द्यावयाचे याचा विचार चालतो. दहा वर्षे दर दोन तासांनी उघडणारे डोळे मात्र रात्री दोनला उघडतातच. हात सवयीने शेजारच्या अंथरुणाकडे जातो. ज्या सुट्या वेळेसाठी जीव तळमळला तो आता समोर पसरलेला असतो, आणि त्याचे काय करावे हे सुचत नाही. मैत्रिणी दुरावलेल्या, नोकरी सुटलेली, स्वतःच्या आवडीनिवडी काय होत्या हेही आठवावे लागते. अशा वेळी जो शेजारी दर रविवारी दोन तास रोग्यापाशी येऊन बसत असे, तो पुढच्या रविवारीही ठरल्या वेळी येतो. खाट तेथे नसते. तो खुर्ची ओढून बसतो, आणि घरातली बाई पुष्कळ दिवसांनी चहाचे दोनच कप मांडते.